ठासणीचं रिव्हॉल्व्हर

"रत्नाताई, मी गाडी चालूच ठेवते. तुम्ही नुसतं बघून या, अन् मग आपण मॉलला जाऊ," सुवर्णा म्हणाली.

"नुसतं बघायचं असतं तर घरी बसून कॉम्प्युटरवर बघितलं असतं. बंद कर गाडी आणि चल."

"मी कशाला? अरे बाप्पा, माझी छाती इथेच धडधडून राहिली."

"म्हणूनच चल. मला एकटीला बघून तो म्हणेल, म्हातारी वाट चुकली."

सुवर्णा नागपूरची. नवऱ्याच्या युनिव्हर्सिटीतल्या नोकरीपायी अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या या गावी आली आणि इथलीच झाली. रत्नाबाईंहून दहा-बारा वर्षांनी लहान. रत्नाबाईंच्या गाडीची किल्ली मुलानं काढून घेतल्यापासून तीच त्यांना इकडेतिकडे नेत असे. देवळात, डॉक्टरकडे, भाजीला. आज मक्याच्या शेतांमधून तासभर गाडी हाकत ती बेलफॉन्टच्या पलीकडे, बंदुकांच्या दुकानापुढे येऊन थांबली होती आणि स्टिअरिंग सोडायला तयार नव्हती.

शेवटी उतरली. दोन साड्या दुकानात शिरल्या तेव्हा काउंटरमागचा पांढऱ्या मिशांचा माणूस हातातलं काम टाकून उठला आणि त्यांनी काही विचारायच्या आतच म्हणाला, "हायवे डावीकडे आहे, मॅम. दुसऱ्या सिग्नलला."

"हायवे माहीत आहे," रत्नाबाई म्हणाल्या. "मला रिव्हॉल्व्हर बघायचंय. जुन्या पद्धतीचं. आधी दारू भरायची, वर गोळी ठासायची, मागे टोपी लावायची, तसं."

त्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा सुवर्णाकडे. सुवर्णा भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्याकडे बघत होती.

"नातवासाठी?"

"माझ्यासाठी."

त्याचं नाव वॉल्ट. भला माणूस होता, कारण पुढे त्यानं एकही फालतू प्रश्न विचारला नाही. त्यानं काउंटरवर हिरवं फडकं अंथरलं आणि त्यावर तीन रिव्हॉल्व्हर मांडली. सगळी इटलीत बनवलेल्या नकला. अस्सल होती ती दीडशे वर्षांपूर्वीची. रत्नाबाईंनी पहिल्या दोन्हींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्याची चौकट पितळेची होती. पिवळीधमक. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, नळी लांब, आठ पैलूंची. हातात घेतल्यावर ते भरल्या तांब्यासारखं जड लागलं.

"पितळेला देखभाल फार लागते," वॉल्ट म्हणाला. "स्टीलचं घ्या."

"सगळा जन्म पितळ घासण्यात गेलाय," रत्नाबाई म्हणाल्या. "हेच द्या."

मग त्यांनी पर्समधून पासपोर्ट काढला, ड्रायव्हिंग लायसन्स काढलं, नागरिकत्वाचं सर्टिफिकेटसुद्धा काढलं. या देशात आल्यापासून दर खिडकीशी त्यांनी कागद दाखवले होते. आज तर चार उलटसुलट प्रश्नांची उत्तरं गाडीत घोकून ठेवली होती. वॉल्टनं सगळे कागद हलकेच परत सरकवले.

"याला काही लागत नाही, मॅम. ही जुन्याची नक्कल. कायद्याच्या हिशेबानं हे हत्यारच नाही."

रत्नाबाईंना थोडं अपमानासारखंच वाटलं.

दुकानामागे टेकडीच्या पायथ्याशी गोळ्या झाडायची जागा होती. रविवारी दुपारी या, सगळं शिकवतो, असं तो म्हणाला. त्या म्हणाल्या, येईन. पण लगेच नाही. दसऱ्याला.

*

सप्टेंबरात लेबर डेच्या सुट्टीला मुलगा राजीव न्यू जर्सीहून आला. बरोबर बायको नेत्रा आणि दोन्ही मुलं. रत्नाबाईंनी रिव्हॉल्व्हर लपवलं नाही. लपवायचं म्हटलं असतं तर तांदळाच्या डब्यात कुणाला सापडलं नसतं. पण जेवणं झाल्यावर मुलं तळघरात टीव्हीपुढे गेली तेव्हा त्यांनी लाकडी खोकं आणून डायनिंग टेबलावर ठेवलं आणि झाकण उघडलं.

राजीव खुर्चीतून अर्धवट उठला.

"हे काय आहे?" राजीव म्हणाला.

"दिसतंय ते."

"खरं आहे?"

"खोटं आणायला मी काय खेळण्यांच्या दुकानात गेले होते?"

"आई, मार्चमध्ये तू शेजाऱ्यांचा मेलबॉक्स उडवलास. गाडीनं. सरळ रस्त्यावर. आणि आता तू रिव्हॉल्व्हर चालवणार?"

"मेलबॉक्स पुढे आला होता."

"तुझ्या हाताला कंप आहे. चहाचा कप तुझ्याच्यानं भरलेला नेववत नाही."

"अर्धा नेते. दोनदा नेते."

राजीवनं कपाळावर हात मारला. मुलगा वाईट नव्हता. वडील गेल्यापासून दर शनिवारी न चुकता फोन करायचा. पण फोनगणिक त्यानं एकेक गोष्ट त्यांच्या हातातून काढून घेतली होती. आधी गाडी. मग शिडी. मग गॅसची शेगडी जाऊन आपोआप बंद होणारी विजेची आली. शेवटी गळ्यात घालायचं एक बटण आलं. पडलात तर दाबायचं, की ॲम्ब्युलन्स दारात. रत्नाबाईंनी ते बटण मनीप्लांटच्या गळ्यात घातलं होतं. तो एकदाही पडला नव्हता.

"सरकार याला हत्यार मानत नाही," त्या म्हणाल्या. "दुकानदारानं सांगितलं."

"सरकारचं सोड. तू मानतेस ना?"

"मी मानते. म्हणून तर आणलं. खंडेनवमीला मी काय सुरीची पूजा करू? गेली कित्येक वर्षं करतेय. सुरी, कात्री, तुझ्या बाबांचा स्क्रूड्रायव्हर, तुझा लॅपटॉप. एकदा तर टीव्हीच्या रिमोटला फूल वाहिलं."

नेत्रा मूळची ठाण्याची. मोजून बोलणारी. तिनं खोक्याचं झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून म्हणाली, "आई, मी चिडून बोलत नाहीये हं. अनया सात वर्षांची आहे. अर्णव सगळी कपाटं उघडून बघतो. हे घरात असेल तर मी मुलांना इथे आणणार नाही."

"कुलपात ठेवीन. किल्ली माझ्या कमरेला."

"प्रश्न किल्लीचा नाही. मला इथे रात्री झोप लागणार नाही. तुम्ही परत केलंत तर दसऱ्याला आम्ही नेहमीसारखे येऊ. नाहीतर नाही."

रत्नाबाईंना तिचा राग आला नाही. उलट इतक्या वर्षांत ही मुलगी पहिल्यांदा त्यांच्याशी सरळ, बरोबरीनं बोलली होती. राजीवसारखं लहान मुलाला समजावतात तसं नाही. तिनं एका पारड्यात काय आणि दुसऱ्यात काय ते नीट सांगितलं होतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "कळलं मला."

"म्हणजे परत करणार ना?" राजीवनं विचारलं.

"कळलं म्हटलं. करते म्हटलं नाही."

*

रत्नाबाईंचे वडील धुळ्याच्या पोलिस हेडक्वार्टरमध्ये आर्मरर होते. हेडक्वार्टरमधल्या सगळ्या बंदुकांची दुरुस्ती त्यांच्याकडे. खंडेनवमीला परेडच्या मैदानावर लांबच लांब सतरंज्या अंथरत आणि त्यावर रायफली, बंदुका, साहेबाचं पिस्तूल, जप्तीतल्या दोन गावठी ठासणीच्या बंदुकासुद्धा मांडत. झेंडूच्या माळा पडत. नारळ फुटत. त्या दिवशी पूजा झालेलं शस्त्र कुणी उचलायचं नाही. ते रात्रभर तसंच देवापुढे राहायचं. दुसऱ्या दिवशी दसरा. मग साहेबाच्या परवानगीनं चांदमारीवर एकेक बार काढायचा. शिपाई काढत, हवालदार काढत, आणि आर्मररचा मुलगा म्हणून उल्हासही काढायचा.

उल्हास रत्नाहून दीड वर्षानं लहान. बार काढायच्या आधी तो डोळे मिटायचा आणि बार झाला की त्याच्या नाकातून पाणी यायचं. त्याला नकोच असायचं ते. रत्ना मात्र आदल्या रात्रीपासून जागी असायची. औक्षणाचं ताट तिच्या हातात. निरांजनाची ज्योत जराही हलू द्यायची नाही ती. सगळ्या बायका म्हणायच्या, पोरीचा हात काय स्थिर आहे.

एका दसऱ्याला तिनं वडिलांना विचारलं, "तात्या, मी एक काढू?"

तात्या हसले. हवालदार हसले. साहेबसुद्धा हसला. त्या हसण्यात वाईट काहीच नव्हतं, हेच तर वाईट होतं. "पोरीच्या हातात ताट शोभतं," तात्या म्हणाले आणि बंदूक उल्हासच्या हातात दिली.

तो स्थिर हात मग जन्मभर दुसऱ्यांच्या कामी आला. लग्न होऊन अमेरिकेत आल्यावर रत्नाबाईंनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी केली. मेणात बसवलेल्या मांसाच्या तुकड्याचे केसाहून पातळ काप काढायचे आणि काचेवर पसरायचे. गाठ साधी की वाईट हे डॉक्टर त्यावरून सांगत. रत्नाबाईंचं नाव कुठे येत नसे, यायचं कारणही नव्हतं. नवरा त्र्यंबकराव, मुलगा, घर, मंडळाच्या गणपतीला पन्नास माणसांचा मसालेभात. कुणी काही कमी केलं नाही त्यांना. फक्त, हात स्थिर होता तोवर त्यात काय द्यायचं हे दुसऱ्यांनी ठरवलं, आणि आता हात हलायला लागल्यावर त्यातून काय काढून घ्यायचं हेही दुसरेच ठरवत होते.

*

त्या वर्षी खंडेनवमी शनिवारी आली. सकाळीच रत्नाबाईंनी देवाची सगळी भांडी सिंकमध्ये घेतली. समई, पंचपाळं, घंटा, ताम्हन. चिंच भिजवलेली होतीच. तिच्यात मूठभर मीठ घातलं आणि एकेक भांडं लखलखीत केलं. त्याच हातानं रिव्हॉल्व्हरची पितळी चौकटही घासली. कोपऱ्याकोपऱ्यातून बोट फिरवलं, वर पाणी सोडलं, पंच्यानं पुसलं. सोनं झालं त्याचं. मग पाटावर लाल खण अंथरून त्यावर ते ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, ओल्या झेंडूंची माळ घातली. सुवर्णा आली होती. तिनं लांबूनच, दाराच्या चौकटीला धरून अक्षता टाकल्या.

"हात लाव. चावत नाही."

"भरलेलं तं नाही ना?"

"देवापुढे भरलेलं ठेवतात का कधी?"

संध्याकाळी राजीवचा फोन आला. "आई, परत केलंस?"

"नाही. उद्या बार काढायला जातेय."

"मग आम्ही..."

"माहीत आहे. नेत्रानं सांगितलंय. तिला म्हणावं, श्रीखंडाचा चक्का मी सगळ्यांपुरताच बांधलाय, सवयीनं. सुवर्णाकडे देईन निम्मा."

फोन ठेवल्यावर त्या चक्क्याच्या पुरचुंडीखालचं भांडं रिकामं करायला गेल्या. नेहमीएवढंच पाणी निथळलं होतं. तेवढा वेळ मात्र त्यांना वाटलं, करावं परत. उद्या सकाळी न्यावं ते खोकं वॉल्टकडे, आणि फोन करावा की निघा. दुपारपर्यंत मुलं दारात असतील. त्या तिथेच उभ्या राहिल्या. मग भांडं विसळून पालथं घातलं.

*

दसऱ्याच्या दुपारी वॉल्ट टेकडीखालच्या लांब बाकाशी वाट बघत होता. आसपासच्या मेपलची पानं लाल झाली होती आणि पलीकडच्या बाकांवर दोन-तीन माणसं आपापल्या बंदुका आवरत होती. रत्नाबाईंनी खोकं उघडलं. वॉल्टनं सांगितल्याप्रमाणे घोडा अंगठ्यानं मागे ओढला.

घोडा हलला नाही.

पुन्हा ओढला. दोन्ही अंगठ्यांनी ओढला. गोळ्या भरायचं चक्र फिरवून पाहिलं. ते जागचं हलेना. वॉल्टनं वाकून पाहिलं, वास घेतला, बोटानं एका फटीतून तांबडट काहीतरी काढलं.

"याला काय लावलंत?"

"चिंच," त्यांनी इंग्रजीत सांगितलं. "आणि मीठ."

"मीठ?"

"मीठ."

वॉल्टनं टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"देवाची पितळी भांडी आम्ही अशीच घासतो," रत्नाबाई म्हणाल्या.

"पितळेला काही झालं नाही, मॅम. इतकं चमकणारं मी पाहिलेलं नाही. पण आतला सगळा भाग लोखंडाचा आहे." त्यानं हात पुढे केला. "द्या. आतून साफ करून ठेवतो. पुढच्या रविवारी या."

"रत्नाताई, ऐका त्याचं," सुवर्णा घाईघाईनं म्हणाली. "देवाचीच इच्छा नाही, समजा. घरी जाऊ. मस्त श्रीखंड खाऊ. अजून फोन केला तरी राजीव..."

"पुढच्या रविवारी दसरा नसतो," रत्नाबाई म्हणाल्या. त्यांनी रिव्हॉल्व्हर वॉल्टच्या हातात दिलं नाही. "तेल आहे? आणि तारेची घासणी?"

"आम्ही पाचला बंद करतो."

"मग लवकर द्या."

वॉल्टनं तेलाचा डबा, घासणी आणि छोटी लाकडी हातोडी आणून ठेवली, आणि कुठली पाचर ठोकून काढायची तेवढं बोटानं दाखवलं. पाचर निघाली. नळी सुटली. पण चक्र आतल्या दांड्याला धरून बसलं होतं. रत्नाबाईंनी वरून तेल सोडलं आणि थांबल्या. पुन्हा सोडलं. चक्राला रुमाल गुंडाळून, बरणीचं घट्ट झाकण उघडतात तसं मांड्यांमध्ये धरून पिळलं. तिसऱ्या-चौथ्या पिळाला ते कुरकुरत सुटलं. दांडा गंजानं लाल झाला होता. त्या घासत बसल्या. ऊन टेकडीवरून उतरायला लागलं. पलीकडचे लोक सामान बांधून निघून गेले. सुवर्णा आधी उभी होती, मग बाकावर बसली, आणि मग न सांगता एका फडक्यानं चक्राची भोकं पुसू लागली.

"हात लावलास," रत्नाबाई म्हणाल्या.

"तुम्ही गप्प बसा."

सगळं पुन्हा जोडून झालं. घोडा ओढला. टक् करून मागे आला. चक्र फिरलं.

मग भरणं. मापानं काळी दारू, वर शिशाची गोळी, खालच्या दांडीनं दाबायची, की गोळीच्या कडेचं शिसं बारीक वेढ्यासारखं सोललं जातं. गोळ्यांवर लावायला वॉल्टनं वंगणाची डबी पुढे केली.

"यात काय आहे?"

"बीफ टॅलो. गाईची चरबी."

सुवर्णानं हात मागे घेतला. रत्नाबाईंनी पर्समधून चांदीची लहानशी डबी काढली. तिच्यात मेण होतं, कुंकवाखाली लावायचं. त्र्यंबकराव गेल्यावरही त्यांनी कुंकू सोडलं नव्हतं; मंडळातल्या बायका काय ते बोलून थकल्या होत्या. त्यांनी मेणात तेलाचे दोन थेंब मळले आणि एकेका भोकावर अंगठ्यानं लावलं. वॉल्टनं बघितलं आणि मान डोलावली.

टोप्या लावताना मात्र हातानं दगा दिला. डाळीच्या दाण्याएवढ्या तांब्याच्या टोप्या. पहिली निसटून गवतात पडली. दुसरी पडली. वॉल्ट पुढे झाला, "मी लावतो."

"नको."

त्यांनी मनगट बाकाच्या कडेला दाबून धरलं, लॅबमध्ये पात्यावर वाकताना धरत तसं. कंप थांबला नाही, पण लहान झाला. टोपी बसली. मग पुढची. पाच भोकं भरली, सहावं खबरदारी म्हणून मोकळं. वॉल्टनं त्यांच्या आणि सुवर्णाच्या कानावर आवाज अडवणारी मोठी बोंडं चढवली आणि मागे सरला.

रत्नाबाईंनी दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर उचललं. नळीचं टोक समोरच्या कागदाभोवती सारखं फिरत होतं. वर, खाली, बाजूला. ते थांबायची त्यांनी वाट पाहिली. मग लक्षात आलं की ते थांबणार नाही. थांबेल तेव्हा त्याला काही अर्थ उरलेला नसेल. त्यांनी डोळे उघडे ठेवून चाप ओढला.

पांढरा धूर झाला. गंधकाचा वास थेट धुळ्याच्या मैदानावरून आला. धुरापलीकडे काहीच दिसेना.

"कुठे गेली?"

"मातीत," सुवर्णा म्हणाली.

दुसरी मातीत. तिसरीही. चौथीच्या वेळी टोपी नुसतीच फुटली आणि बार झालाच नाही. वॉल्टनं हात वर केला, नळी खाली नको, तशीच समोर धरा, थांबा. त्या थांबल्या. हात भरून आले. मग त्यानं मान हलवली आणि त्यांनी पुन्हा घोडा ओढला. पाचवी गेली. धूर विरल्यावर कागदाच्या खालच्या कोपऱ्यात, वर्तुळाबाहेर, एक भोक होतं.

वॉल्ट म्हणाला, "लागली."

"हात हलतच होता," रत्नाबाई म्हणाल्या. मराठीत म्हणाल्या आणि कुणालाच नाही.

*

घरी पोचतात तो फोन वाजत होता. सुवर्णानं उचलला आणि त्यांच्या कानाशी धरला, कारण त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत काळा होता.

"आजी?" अनया होती. मागे राजीवचा आवाज येत होता. "डिड यू हिट इट?"

"एकदा."

"जस्ट वन्स?"

"एकदाच. कडेला."

"कूल," अनया म्हणाली, आणि फोन राजीवकडे गेला.

"आई, तिला हे असलं सांगू नकोस प्लीज."

"तिनं विचारलं. मी खरं सांगितलं."

त्यानं विषय बदलला. "आई, दिवाळीला आम्ही नेत्राच्या बहिणीकडे जातोय. बॉस्टनला. मग थँक्सगिव्हिंगचं बघू काय ते."

"बरं."

"तुला एकटीला..."

"बॉस्टनला थंडी असेल. अर्णवचे कान झाकून ने. आणि नेत्राला सांग, मी रागावले नाहीये. तिनं जे म्हटलं तेच केलं तिनं."

फोन ठेवल्यावर सुवर्णानं रबरी हातमोजे चढवले, सिंकमध्ये गरम पाणी आणि साबण सोडला आणि रिव्हॉल्व्हरचे सुटे भाग त्यात बुडवले. वॉल्टनं सांगितलं होतं, आजच धुवायचं आणि लगेच कोरडं करायचं, मीठबीठ अजिबात नाही. पाणी शाईसारखं काळं झालं.

"तुम्ही बसा. मी वाढते," ती मागे न बघता म्हणाली. "हात धुऊन घ्या तेवढा."

रत्नाबाई टेबलाशी बसल्या. पानात वरणभात होता, लिंबाची फोड, श्रीखंड, गरम पुरी. समोरच्या चार खुर्च्या टेबलाच्या आत सरकवलेल्या होत्या. जन्मभर हातानं जेवलेल्या रत्नाबाईंनी उजवा हात तसाच काळा मांडीवर ठेवला, उताणा, आणि डाव्या हातात चमचा घेऊन भात कालवायला सुरुवात केली.